वरचा सांगेल तेवढंच

शाळेच्या व्यायामशाळेत चढायची भिंत उभी राहिली, त्या वर्षी पोरीला तेरावं लागलं होतं. भिंत म्हणजे विटांची नव्हे. लाकडी फळ्यांची, पाच माणसं एकाच्या खांद्यावर एक उभी केली तर सगळ्यात वरच्याचा हात टोकाला लागेल एवढी उंच. तिच्यावर लाल, पिवळे, निळे, वेड्यावाकड्या आकाराचे दगड स्क्रूने घट्ट बसवलेले. दगड नुसते म्हणायचे, होते प्लास्टिकचेच. कडेला खालून वर एक ते नऊ आकडे रंगवलेले, आणि नवाच्या वर एक पितळी घंटी टांगलेली. घंटी वाजवली की चढाई पुरी.

पीटीच्या बाईंनी पहिल्याच बुधवारी जोड्या लावायला सांगितल्या. एकीने चढायचं, एकीने खाली उभं राहून दोर धरायचा. दोर चढणारीच्या कमरपट्ट्यापासून वर जाई, छताजवळच्या कडीतून वळून खाली येई, आणि खालचीच्या पट्ट्याला अडकवलेल्या लोखंडी चापातून तिच्या हातात जाई. वरची चढेल तसा सैल पडलेला दोर खालचीने ओढून घ्यायचा. वरचीचा हात सुटला तर चाप दोर आवळून धरे आणि ती जागच्या जागी लोंबकळे.

"जोडी एकदा लागली की सत्र संपेपर्यंत मोडायची नाही," बाई म्हणाल्या. "रुसवेफुगवे डब्यात भरून घरी न्यायचे."

पोरीने मागे वळूनही न बघता खुंटीचा हात धरला.

खुंटी तिच्याच इमारतीतली. पोरगी दुसऱ्या मजल्यावर राही, खुंटी तळमजल्यावर. बुटकी, रुंद, एकदा पाय रोवले की तिघांनी ढकलूनही हलायची नाही, म्हणून खुंटी. दोघी एका बाकावर बसत, एका डब्यात जेवत. आणि त्यांच्या बापांचीही जोडीच होती. पोरीचा बाप उंच इमारतींना बाहेरून रंग देई. लाकडी झुल्यावर बसायचं, शेजारी डबा टांगायचा आणि भिंतीला तोंड करून दिवसभर हात चालवायचा. त्या झुल्याचा दोर खाली खुंटीच्या बापाच्या हातात. एक वर, एक खाली, अशी दोघांनी वीस वर्षं काढली होती. त्यांची बोली तीन शब्दांची होती. ओढ, थांब, सोड. वरून हाक आली की खालून तेवढंच व्हायचं.

"वरचा सांगेल तेवढंच," बाप जेवताना सांगे. "खालच्याने आपली अक्कल चालवायची नाही. वर काय चाललंय ते खालून दिसत नाही. एका टोळीत खालच्याला वाटलं, याला आता जरा वर घ्यावं, बिचाऱ्याचा हात पोचत नसेल. चांगल्या मनानेच वाटलं. विचारलं नाही, ओढलं. वरच्याचा एक पाय तेव्हा खिडकीच्या कठड्यावर होता."

पुढचं तो सांगत नसे. हात धुवायला उठे.

अशा माणसाची ही लेक, आणि हिला गॅलरीतून खाली बघितलं तरी पोटात गोळा यायचा. पतंग अडकला, टॉवेल उडाला, काहीही झालं तरी गच्चीवर दुसऱ्याला पाठवायची. बाप हसून म्हणे, "आईवर गेलीये." हसण्यात विखार नव्हता. पण पोरीला ते लागायचं. आईवर जाण्यात वाईट काही नव्हतं, आई लाँड्रीत इस्त्री करी आणि तिच्यासारखी घडी कुणाला जमत नसे. पण पोरीला बापावर जायचं होतं. ती भिंत बघितली तेव्हाच तिने मनाशी धरलं, ही घंटी वाजवायची आणि घरी जाऊन सांगायचं.

पहिल्या बुधवारी ती दोनाच्या आकड्यापर्यंत गेली. दुसऱ्या बुधवारी तिनापर्यंत गेली आणि तिथे जी चिकटली ती चिकटली. वर जाता येईना, खाली उतरता येईना. हातपाय पसरून, गाल भिंतीला लावून ती तिथे एवढा वेळ राहिली की शेजारच्या दोरावरच्या दोघी चढून, उतरून, पाणी पिऊन आल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, ही तर पाल आहे."

"शेपूट तोडून पळेल बघ आता," दुसरा म्हणाला.

झालं, तिचं नाव पाल पडलं. आपणही तिला पालच म्हणू, कारण पुढे ते नाव तिने ठेवून घेतलं.

त्या दिवशी ती घरी येऊन कोपऱ्यात तोंड करून रडली. बाप कामावरून आला, कोपरापर्यंत फिका हिरवा झालेला. त्याने काय झालं ते ऐकून घेतलं.  मग म्हणाला, "तीनपर्यंत गेलीस ना?"

"तीनच."

"मी पहिल्या दिवशी पहिल्या मजल्यावर ओकलो होतो. खाली मुकादम उभा होता."

तिला हसू आलं. त्याने पिशवीतून उरलेल्या रंगाचा लहान डबा काढला, बारीक ब्रश घेतला आणि आतल्या दाराच्या चौकटीवर खालून तीन आडव्या रेघा ओढल्या, वीतभर अंतर सोडून. "एक, दोन, तीन. दर बुधवारी सांगायचं. जेवढे आकडे तेवढ्या रेघा. ज्या इमारतीवर काम चालू असेल तिचा रंग." मग डब्याचं झाकण तळव्याने दाबून बंद केलं आणि उठला. "खुंटीच्या बापाला उद्याचं सांगून येतो," म्हणाला आणि खाली गेला.

बराच वेळ गेला तो वर यायला. तिने तेव्हा मनावर घेतलं नाही.

तिसऱ्या बुधवारी नवल झालं. कमरपट्ट्याला बांधलेली दोराची गाठ बघून झाली. बाईंनी शिकवलेलं बोलून झालं.

"गाठ?"

"बघितली."

"दोर?"

"धरला."

"चढते."

"चढ," खुंटी म्हणाली आणि पाल चढली. तिनापाशी आली, पाय उचलला आणि अंग वर गेलं, जसं काही दप्तर कोणी पाठीवरून उतरवून घेतलंय. चार. मग पाच. पाचावर बोटं सुटायला लागली तेव्हा ती "सोड" म्हणाली. खाली उतरली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"काय गं, काय खाऊन आलीस?" खुंटी म्हणाली आणि हात मागे घेतले.

त्या रात्री चौकटीवर दोन पिवळ्या रेघा वाढल्या. पुढच्या बुधवारी सहा, मग सात. पालीला आता झोपेतही दगड दिसत. डावा निळा, उजवा लाल, मग तो कानासारखा पिवळा. अंग हलकं होण्याचं एक वेगळंच सुख असतं, ते तिला लागलं होतं. तिला वाटे, भीती गेली म्हणजे वजनही जातं. गच्चीवर जाऊन ती एकदा कठड्याशी उभी राहून आली. 

सहाव्या बुधवारी तिने घंटी वाजवली.

तो आवाज ऐकून अख्खा वर्ग वर बघायला लागला. बाईंनी शिट्टी तोंडातून काढली. "ज्या पोरीला पाल म्हणत होतात ना, ती बघा," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात शनिवारी पालक येणार आहेत भिंत बघायला. पहिली चढाई हीच करेल." आणि खुंटीच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "दोर छान ताणून ठेवतेस गं."

खुंटी जमिनीकडे बघत होती. पालीला वाटलं, लाजली.

घरी बापाने नवव्या रेघेच्या वर ब्रशच्या टोकाने एक छोटी घंटी काढली, विटकरी रंगाची. दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात त्याने ती गोष्ट तीनदा सांगितली. पाल शाळेतून येताना तिथूनच जात होती. "माझी लेक," तो सांगत होता, "नऊच्या नऊ. कोणाचा हात नाही, काही नाही. रक्तातच असतं ते." चहावाला म्हणाला, "मग पुढच्या वर्षी तुझ्या झुल्यावर तीच बसणार." बाप एवढा हसला की कपातला चहा बशीत सांडला. पाल दुकानासमोरून मान ताठ ठेवून गेली. अशी मान तिने आयुष्यात पहिल्यांदाच ठेवली होती.

सातव्या बुधवारी खुंटी आली नाही. गालफुगी झाली होती, दोन्ही गाल सुजलेले. आठवडाभर घरात.

"मी धरते तुझा दोर," बाई म्हणाल्या. "शनिवारची तालीम होऊन जाऊ दे. सगळे बसा खाली. बघा, पाय कसे टाकते ते."

वर्ग मांडी घालून बसला. पालीने गाठ बघितली, नेहमीचे शब्द म्हणाली. एक, दोन. तिनाजवळ आली आणि नेहमीसारखा उजवा पाय लाल दगडावर टाकून अंग वर ढकललं.

अंग आलं नाही.

तिला कळेना. पुन्हा ढकललं. भिजलेल्या गोणीसारखं अंग खाली ओढत होतं. आपल्याला एवढं वजन आहे हे तिला आज कळत होतं. "बाई, दोर अडकलाय का वर?" तिने विचारलं.

"नाही. मोकळा आहे."

"जरा ताणता?"

"ताणलेलाच आहे. जेवढा असतो तेवढा."

तिने दात आवळले. कशीबशी कोपरं घासत चारावर पोचली. बोटं सुटली आणि ती हातभर खाली येऊन लोंबकळली. मागे कोणीतरी जिभेने पालीसारखं चुकचुकलं. मग आणखी एकाने केलं. बाईंनी वळून बघितलं तेव्हा ते थांबलं.

बाईंनी तिला खाली घेतलं आणि सगळ्यांना मैदानावर पिटाळलं. आपल्या हातातल्या दोराकडे त्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग भिंतीकडे, मग पालीकडे.

"खुंटी दोर धरते तेव्हा उभी असते का बसलेली?"

"मला काय माहीत? मी वर असते."

"हं," बाई म्हणाल्या. "चूक माझीपण आहे. आठ दोर, चाळीस पोरं. मी वरच बघत राहिले. तोल वरच्याचा जातो ना." त्या खाली बसल्या आणि कमरेच्या पट्ट्यावर भार टाकून दाखवलं. खुर्ची नसताना खुर्चीवर बसावं तशा. "वरचीने पाय टाकला की खालची अशी बसली, तर खालचीचं अर्धं वजन वरचीला उचलतं. ओढल्यासारखं वाटत नाही. हलकं वाटतं."

हलकं. पालीने तो शब्द ऐकला आणि तिच्या तळपायापासून डोक्यापर्यंत काहीतरी चढत गेलं.

"शनिवारी चढायचं की नाही ते तू ठरव," बाई म्हणाल्या. "आणि कोणाच्या दोरावर, तेही. जोडी मोडायची तर मोड. मी बोललेय तो नियम माझा, मी बघून घेईन."

शाळा सुटल्यावर पाल घरी वर गेलीच नाही. तळमजल्यावरचं दार वाजवलं. खुंटी पलंगावर बसली होती, कानांवरून रुमाल बांधलेला, तोंड फुगून भाकरीएवढं झालेलं. एरवी पाल हसून लोळली असती.

"तू बसायचीस?" पालीने विचारलं.

कुठे, कधी, असं खुंटीने उलटं विचारलं नाही. तेवढ्यानेच पालीला सगळं कळलं.

"सगळ्या वेळी?"

"तिसऱ्या बुधवारपासून."

"घंटी वाजवली तेव्हा?"

"तेव्हा तर जवळजवळ जमिनीवरच होते," खुंटी म्हणाली. सुजलेल्या तोंडातून शब्द जाड येत होते. "शेवटच्या दोन आकड्यांना."

"मी म्हटलं होतं तुला? एकदा तरी 'ओढ' म्हटलं होतं?"

"नाही."

"मग?"

खुंटी रुमालाच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "काकांनी सांगितलं."

"कोणत्या काकांनी?"

"तुझ्या बाबांनी, अजून कोणत्या? त्या दिवशी खाली आले होते. म्हणाले, तिने पाय टाकला की जरा बस, तिला कळू देऊ नकोस. चार-पाच वेळा उचललीस की भीती मोडेल, मग हळूहळू बसणं कमी कर. मी कमी करून बघितलं गं. पाचव्या बुधवारी करून बघितलं. तू थांबलीस. तुझं तोंड असं झालं की मी पुन्हा बसले."

पाल दाराकडे वळली.

"आणि माझे हात बघितलेस का तू?" खुंटीने दोन्ही तळवे पुढे केले. बोटांच्या मुळाशी कातडं निघून नवं आलेलं, लालसर, चकचकीत. "चार आठवडे आपण एका डब्यात जेवलो. एकदा तरी बघितलेस?"

पालीने ते हात बघितले. वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण ते वाईट वाटणं फार लांब कुठेतरी होतं, पलीकडच्या खोलीत कोणी बोलत असावं तसं. ती म्हणाली, "तू माझी मैत्रीण होतीस की बाबांची?"

"असं काय विचारतेस?"

"सांग ना."

खुंटीच्या डोळ्यांत पाणी आलं. सुजलेल्या गालांवरून ते सरळ खाली येईना, वाट काढत आलं. पाल दार ओढून घेऊन बाहेर पडली.

बापाचं काम तेव्हा चार रस्ते ओलांडून एका सहा मजली इमारतीवर चालू होतं. बाप पाचव्या मजल्याशी होता, पाठमोरा, रोलर वरखाली चालवत. खाली खुंटीचा बाप दोर खांबाला दोन वेढे देऊन, टोक हातात घेऊन उभा. ओठांत विझलेली विडी.

"काय गं, शाळेतून सरळ इकडे? खुंटीला बघून आलीस का?" त्याने मान वरच ठेवून विचारलं.

"काका, बाबा वर असतात तेव्हा त्यांनी न सांगता तुम्ही त्यांना कधी वर ओढलंय?"

तो हसला. "वेडी का तू? खाली उतरून बडवेल मला. वीस वर्षांत एकदा ओढला होता, पाऊस येईल म्हणून. आठ दिवस बोलला नाही माझ्याशी. डबासुद्धा वेगळा खाल्ला."

"सोड," वरून हाक आली. खुंटीच्या बापाने दोर हातहातभर सोडला आणि झुला खाली येत गेला. बाप जमिनीवर उतरला. पांढऱ्या ठिपक्यांनी त्याच्या भुवया म्हाताऱ्या झाल्या होत्या. लेकीला बघून तोंड भरून हसला आणि मग तिचं तोंड बघून हसू तिथेच राहिलं.

"बाई दोर धरत होत्या आज," ती म्हणाली.

त्याने रोलर डब्यावर ठेवला. हात पुसायला फडकं घेतलं आणि पुसतच राहिला. खुंटीच्या बापाने एकदा दोघांकडे बघितलं आणि बादली घेऊन नळाकडे गेला. बादली भरलेलीच होती.

"किती?" बापाने विचारलं.

"चार."

"चार वाईट नाही."

"तुम्ही चहाच्या दुकानात सांगत होतात. कोणाचा हात नाही, म्हणालात. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"घंटी काढलीत तेव्हा?"

"होतं."

तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. निदान भांडता आलं असतं.

"तू रडत आली होतीस," तो म्हणाला. "कोपऱ्यात तोंड घालून. मला बघवेना. वाटलं, एकदा वर जाऊन आली की..."

"नियम तुमचा आहे. वरचा सांगेल तेवढंच."

"तो कामाचा नियम, बाळा. कामावर माणूस असतो. तू लेक आहेस."

"म्हणजे मी माणूस नाही?"

 फडक्याने तो अंगठ्याचं नख घासत राहिला, जिथला रंग वीस वर्षं निघाला नव्हता.

"काकांनी तुम्हाला एकदा ओढलं तर आठ दिवस बोलला नाहीत," ती म्हणाली. "मला तर चार आठवडे ओढलं."

ती एकटीच घरी गेली. आई लाँड्रीतून आली होती. तिला विचारलं, तुला माहीत होतं का, तर ती चादरीची घडी घालता घालता म्हणाली, "मला तुमच्या दोरांतलं काय कळतंय." पण घडी वाकडी पडली. तिने ती मोडून पुन्हा घातली. पालीने जे समजायचं ते समजून घेतलं.

शुक्रवारी खुंटीचे गाल जरा उतरले होते, पण शनिवारी तिला यायला परवानगी मिळाली ती फक्त बसून बघायची. शनिवारी पाल व्यायामशाळेत आली आणि सरळ मागच्या रांगेकडे गेली. तिथे एक मुलगी बसे. सत्र सुरू झाल्यावर महिनाभराने शाळेत आलेली, म्हणून नवी. तिची जोडी नव्हती. कोणी गैरहजर असलं की तिला लावत. पाल तिच्याशी आजवर एक शब्दही बोललेली नव्हती.

"माझा दोर धरशील?"

नवीने आजूबाजूला बघितलं. "मी? मला फारसं येत नाही. आणि तू ती घंटीवाली ना?"

"नाही, ती दुसरी," पाल म्हणाली. "तुला चापातून दोर ओढून घेता येतो?"

"येतो तेवढा."

"मग तेवढंच कर. मी 'धर' म्हटलं तर धर, 'सोड' म्हटलं तर सोड. मी रडले तरी आपणहून काही करू नकोस. कोणीही येऊन काही सांगितलं तरी."

"मी कशाला करेन?" नवी म्हणाली. "मी तुला ओळखतही नाही."

पालीला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचंच वाईट वाटलं.

पालक भिंतीलगतच्या बाकांवर बसले होते. बाप धुतलेला शर्ट घालून दुसऱ्या रांगेत, आई शेजारी. एका टोकाला खुंटी, रुमाल अजून बांधलेलाच. बाईंनी पालीचं नाव पुकारलं, भिंत किती उंच, कोण पहिली चढणार, सगळं सांगितलं. एक गोष्ट मात्र त्या बोलल्या नाहीत. कुठपर्यंत, ते.

"गाठ?"

"बघितली."

"दोर?"

"धरला."

"चढते."

"चढ," नवी म्हणाली. आवाज चिरकला तिचा.

एक, दोन. तिनापाशी वजन आलं. सगळंच्या सगळं, जेवढं तिचं होतं तेवढं. ती थांबली. गाल भिंतीला लावला नाही. डावा पाय निळ्यावरून उचलून बाजूच्या बारक्या दगडावर टाकला, जो तिने इतक्या बुधवारी कधी बघितलाच नव्हता, कारण लागलाच नव्हता. ढकललं. अंग वर गेलं. चार. तिथे किती वेळ गेला कोण जाणे. बाकांवर कोणीतरी खोकलं. एक लहान मूल मोठ्याने म्हणालं, "ती अडकली," आणि त्याला कोणीतरी गप्प केलं.

पाचावर तिची दोन बोटं पोचली. मग चारही. मग तिने पाय ओढून घेतला आणि पाचाच्या आकड्यावर तिचा गुडघा आला.

सहाचा दगड गोल होता. तिने झेप घेतली, बोटं लागली आणि घसरली. दोर ताणला, पट्टा कमरेत रुतला आणि ती हवेत लोंबकळत राहिली. खाली बघितलं. पोटात गोळा आला, जुनाच, ओळखीचा. नवी दोन पाय रोवून, दोर मांडीशी दाबून, डोळे मिचकवायचेही विसरून उभी होती. बसली नव्हती.

आणि पालीला दुसऱ्या रांगेतला बाप दिसला. अख्खी व्यायामशाळा तिच्याकडे बघत होती. बाप एकटा नवीच्या हातांकडे बघत होता. दोराचा माणूस, दोरच बघणार. तो वाकून, कोपरं गुडघ्यांवर ठेवून, दोर किती सैल आहे ते बघत होता, आणि त्याचे स्वतःचे दोन्ही हात मुठी वळून पोटाशी ओढलेले होते, जसं काही त्यांच्यात काहीतरी आहे.

तिने ते बघितलं आणि नजर काढून घेतली.

"सोड," ती म्हणाली.

टाळ्या पडल्या, थोड्या, कुठून सुरू कराव्यात हे लोकांना न कळल्यासारख्या. खुंटी उभी राहिली होती. पाल तिच्या समोरून गेली तेव्हा खुंटी म्हणाली, "पाच. खरे पाच." पालीने मान हलवली. थांबली नाही. त्या सोमवारी ती वेगळ्या बाकावर बसली, आणि डबा वेगळा खाल्ला. आठ दिवस नव्हे, त्याहून बराच जास्त.

तिघं घरी आली. आई स्वयंपाकघरात गेली. पालीने बापाच्या पिशवीतून रंग खरवडायची पत्र्याची पट्टी काढली, स्टूल चौकटीशी लावलं आणि वरून सुरुवात केली. आधी विटकरी घंटी. मग नऊ, आठ. वाळलेला रंग नखाएवढ्या कपच्यांनी निघून जमिनीवर पडत होता. बाप दारात उभा राहून बघत होता. पट्टी ती उलटी धरतेय हे त्याला दिसत होतं. तो सांगायला पुढे झाला आणि थांबला.

पिवळ्या दोन रेघांपाशीही ती थांबली नाही. तीन हिरव्या राहिल्या तेव्हा तिने हात थांबवला.

"पाच झाले आज," बाप म्हणाला. "चार आणि पाच ओढायच्या राहिल्या."

तिने पट्टी पुसून पिशवीत ठेवली.

त्याने आत जाऊन नवा डबा आणला, झाकण उघडलं, ब्रश त्यावर आडवा ठेवला आणि तिच्या पायाशी ठेवून दिलं. मग जिन्यात जाऊन पायरीवर बसला, चौकटीकडे पाठ करून.

पालीने ब्रश उचलला. डब्यात बुडवला नाही. तो कोरडाच पिशवीत परत ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि तळव्याने चारही बाजूंनी घट्ट दाबलं, रंग वाळू नये म्हणून बाप दाबतो तसं. मग जमिनीवरच्या कपच्या भरायला झाडू आणायला गेली.